नाळेवरचं मीठ

पोयनाडला एका हॉटेलामागे, दादा आणि वहिनी आत चहा पीत असताना, मी मिठाची तीन पोती होडीच्या नाळेवरून उचलून मागच्या भागात नेऊन ठेवली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, ज्या डॉक्टरला माझ्या रक्तदाबाचं कारण हवं होतं त्यालाही नाही. आयुष्यभर लपवायचं म्हटलं तर लोक काहीतरी भारदस्त निवडतात. खून, बाई, निदान सरकारी जमीन तरी. मी मीठ हलवलं आणि ते लपवलं. आधी वाटायचं, सांगितलं तर लोक हसतील, म्हणून बोललो नाही. पुढे कळलं की कुणीच हसणार नाही, म्हणून बोललो नाही.

आमचं घर रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, खाडीच्या तोंडाशी. सकाळ आमच्याकडे आवाजानं व्हायची. आधी इंजिनांची टुकटुक, मग वाटे घालणाऱ्या बायकांची भांडणं, मग नाक्यावरच्या रिक्षावाल्यांचं ‘अलिबाग, अलिबाग’, आणि या सगळ्यावर बाबांचा खोकला. पुढच्या अंगणात बांबूच्या काठ्यांवर बोंबील टांगलेले असायचे, आणि शाळेत माझ्या शेजारी कोण बसणार हे त्या वासावर ठरायचं. बाबा तांडेल होते, म्हणजे होडीचा मुख्य. समुद्रावर तांडेलाचा शब्द शेवटचा असतो आणि ते बरोबरच आहे. लाट अंगावर येत असताना चर्चा करून चालत नाही. बाबांनी तोच नियम जमिनीवर आणला होता. भाकरी किती जाड असावी, रेडिओ किती मोठा असावा, देवळाच्या वर्गणीत आपलं नाव कितवं असावं, सगळं तांडेलाच्या हुकमानं चालायचं. समुद्राबद्दल त्यांना खरंच सगळं कळायचं. उरलेल्या जगाबद्दलही आपल्याला तेवढंच कळतं, असा त्यांचा समज होता आणि आमच्या घरात तो कुणी दुरुस्त केला नाही.

होडीचं पुढचं निमुळतं टोक म्हणजे नाळ. आमच्या घरात तिचा मान देवघराएवढा, किंबहुना काकणभर जास्त, कारण देवघराला मांजर शिवलेलं आईला चालायचं. नाळेवर हार आणि हळदकुंकू, बाकी काही नाही. पाय तर नाहीच, आणि बाईचा पाय म्हटलं की आई नुसत्या कल्पनेनंच कपाळाला हात लावायची. कोळीवाड्यातल्या दुसऱ्या घरांत इतकं कडक नव्हतं. शेजारच्यांच्या नाळेवर तर चड्ड्या वाळत असायच्या. पण आमची आई त्यांना हसायची आणि ते आम्हाला हसायचे, असा समतोल होता. बाबांचा याच्याशी जुळणारा एक व्यावहारिक नियमही होता. होडी भरताना वजन मागे टाकायचं. इंजिन मागे, जाळी मागे, बर्फाची पेटी मागे. ‘नाळ वर पायजे,’ ते म्हणायचे, ‘नाळ दबली की होडी पाणी पिते.’ पाण्यावर हे शंभर टक्के खरं होतं. शास्त्र आणि सोवळं दोन्ही एकाच बाजूला असल्यावर माणसाला विचार करायचं काही कारणच राहत नाही.

या घरात वहिनी आली. दादा उरणला एका लाँचवर कामाला होता, तिथल्या मिठागरवाल्यांच्या घरातली ही मुलगी. नाव प्रमिला. दादानं आधी ठरवलं आणि मग घरी विचारलं, हा क्रम आईला पसंत नव्हता. त्यामुळे वहिनीच्या हातचं कालवण कसंही झालं तरी आई पहिल्या घासाला थांबायची आणि म्हणायची, ‘मिठागरातली ना. हात सैलच असनार.’ वहिनी हसायची. ती कशालाही हसायची, हीच तिची मोठी चूक होती; आमच्या घरात सून हसली की लोक आधी स्वतःचे कपडे तपासायचे. मला ती ‘जगूभाऊजी’ म्हणायची, मी तिच्याहून दोनच वर्षांनी लहान असूनही. माशात गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, निघाली की ती बाबांच्या ताटात जाण्याआधी एक तुकडा माझ्या भाकरीखाली सरकवलेला असायचा. आणि मला गाडी शिकू द्या, हे बाबांना पटवलं ते तिनंच. ‘बाबा, हे पोर पान्यात उतरलं की वकतं,’ ती म्हणाली, ‘त्याला जमिनीवर तरी कायतरी येऊ दे.’ बाबांना होडीवर ओकणारा मुलगा ही मोठी लाज होती. त्यांनी मासळी बाजारात न्यायला घेतलेली जुनी पेट्रोल व्हॅन माझ्या ताब्यात दिली. ती व्हॅन म्हणजे चाकं लावलेला पत्र्याचा डबा होता. मागे चार टोपल्या कोळंबी टाकली की तिचं पुढचं तोंड हलकं व्हायचं, आणि मी मात्र विमान चालवल्यासारखा बसायचो.

त्या पावसाळ्यात बाबांनी एक वापरलेली फायबरची होडी घ्यायचं ठरवलं. ती होती वहिनीच्या मामाची, उरणजवळच्या गावात. आता रेवदंड्याच्या माणसानं उरणहून होडी आणायची तर ती कशानं आणावी, असं कुणालाही विचारलं तर तो समुद्राकडे बोट दाखवील. पण नारळी पौर्णिमा आठवड्यावर होती. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, आणि यंदाचा नारळ मात्र नव्या होडीवरून द्यायचा, असं बाबांचं म्हणणं. म्हणजे होडी पौर्णिमेआधी यायला हवी आणि पाण्याला शिवायलाही नको. उरला डांबरी रस्ता. मामानं होडीबरोबर तिची दोनचाकी ट्रॉलीही देऊ केली होती. ‘जीप न्या तांडेल, ती व्हॅन होडीच्या निम्मी भरनार न्हाय,’ असं कोळीवाड्यात दोघाचौघांनी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, ‘माजी होडी दुसऱ्याच्या गाडीमागं गावात शिरनार? मंग लोक होडी बगनार का जीप?’ व्हॅनला मागे हुक जोडून घेतला. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेल्या घरानं धार्मिक कारणासाठी होडी रस्त्यानं आणायला काढली, आणि ती ओढायला होडीपेक्षा हलकी गाडी धाडली. चालवायला मी. परवाना नवा होता, त्यावरच्या फोटोत मला मिशी नव्हती आणि ती फुटली आहे हे मी रोज आरशात तपासत होतो.

वहिनी चार दिवस आधीच माहेरी गेली होती. येताना तिला घेऊन यायचं होतं; मामानं होडीही तिच्या माहेरच्या अंगणात आणून ठेवली होती. आम्ही पोचलो तेव्हा दादानं बाबांच्या हुकमाप्रमाणे होडी भरली. इंजिन बंद पडलेलं होतं, ते सुटं करून मागच्या भागात आडवं टाकलेलं. त्यावर जाळी, बाजूला नांगर, दोऱ्यांची वेटोळी. सगळं मागे, नाळ मोकळी, वर उचललेली. बाबांनी बघितलं असतं तर छाती फुगली असती. अडचण एवढीच झाली की ट्रॉलीचा पुढचा दांडाही नाळेबरोबर वर उठला. तो खाली दाबून व्हॅनच्या हुकात बसवायला दादा आणि मी दोघं त्याला लोंबकळलो. वहिनीचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, पानाला चुना लावत बघत होते. ‘तुमची होडी आताच उडाया लागली,’ ते म्हणाले. ‘रेवदंड्यापातूर जमिनीवर राहील ना?’

मग नानांनी मुलीबरोबर द्यायला मीठ काढलं. मासे खारवायला आमच्या घरी मीठ लागायचंच, आणि नानांकडे द्यायला दुसरं काय होतं. तीन भरलेली पोती. ती कुठे ठेवायची यावर वहिनीनं होडीत वाकून पाहिलं आणि नाक मुरडलं.

‘मागं इंजिनाचं तेल सांडलंय. पानी पन साचलंय. मीठ भिजंल. पुढं ठेवा.’

‘पुढं?’ दादानं इकडेतिकडे पाहिलं, जणू आई नानांच्या अंगणात उभी आहे. ‘नाळेवर मीठ? आयेनं बगितलं तर मनाच खारवून टाकंल.’

‘आई हितं हायत का? नाक्यावर पोचलो की उतरवू. न्हायतर घरी जाऊन काय देऊ, खारं पानी?’

आणि ती पदर खोचून चढली. एक पाय ट्रॉलीच्या दांड्यावर, दुसरा सरळ नाळेवर. पोती खालून आम्ही दिली, तिनं वरून ओढली, एकमेकांना टेकून बसवली, ताडपत्री घातली आणि नाळेवर उभी राहूनच तिचे बंद आवळले. नाना म्हणाले, ‘जपून गो बाय.’ मला आठवतं, मी तिच्या पायाकडे बघत होतो. माझ्यातला आईचा मुलगा हिशेब ठेवत होता.

ट्रॉली मात्र त्यानंतर खाली बसली. दांडा हुकावर नीट दाबून राहिला. वहिनीला ट्रॉलीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तिला मीठ कोरडं ठेवायचं होतं. पण त्या तीन पोत्यांनी बाबांचं सगळं समुद्रशास्त्र दुरुस्त केलं, आणि होडी निघाली ती शहाण्या सुनेसारखी, सॉरी, आमच्या घरात शहाणी सून कशी ओळखायची हे आम्हाला कळत नव्हतं, तेव्हा नुसतं सरळ निघाली म्हणतो. पेणला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धे रंगवलेले गणपती प्लास्टिकखाली दाटीनं बसले होते. वडखळला नेहमीचा खोळंबा. दादा पुढे माझ्या शेजारी, वहिनी मागच्या सीटवर, मांडीवर आईसाठी घेतलेल्या पेणच्या पोह्यांच्या पापडांचं पुडकं. मोठ्या ट्रका बाजूनं जात होत्या, वारा लागत होता, ट्रॉली जागची ढळत नव्हती. हे मी माझ्या हातांनी, स्टिअरिंगवर, अनुभवलं होतं. पुढे मी जे बोललो ते अज्ञानातून बोललो असं म्हणायची सोय मला नाही.

पोयनाडला पाऊस वाढला म्हणून थांबलो. दादा आणि वहिनी आत गेले. मी मागे ट्रॉलीचा दोर बघायला थांबलो, आणि मला आई दिसू लागली. दारात ताट घेऊन उभी, नाळ ओवाळायला. ताडपत्री काढली की खाली मीठ. वहिनी नाक्यावर पोती उतरवू म्हणाली होती, पण पावसात नाक्यावर कोण थांबणार? मग कालवा होणार, आई बोलणार, आणि मला विचारणार, ‘तू व्हतास ना रं तितं?’ या प्रश्नाला मला चांगलं उत्तर हवं होतं. मला घरातला चांगला मुलगा व्हायचं होतं. समुद्रावर ओकणाऱ्याला ती संधी फार वेळा मिळत नाही. मी पोती एकेक करून ओढली आणि मागे इंजिनावर रचली. वहिनीला कळलं तर भिजणाऱ्या मिठावरून ती भांडेल, म्हणून नाळेवरची ताडपत्री फुगलेली दिसावी याकरता खाली एक रिकामी टोपली उलटी घातली. मग नाळ हातानं पुसली आणि नमस्कारही केला. टोपली घालताना माझा हात थरथरला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आत जाऊन मी वहिनीनं माझ्यासाठी ठेवलेला वडापाव खाल्ला.

निघालो तशी व्हॅन हलकी वाटायला लागली. मागची बाजू उचलल्यासारखी, पायाला लगेच ऐकणारी. मी खूश झालो. मला वाटलं, नाळ मोकळी झाली, देव पावला. आता मी पोरांना शिकवतो तेव्हा याच जागी थांबतो. गाडी अचानक हलकी वाटली की खूश होऊ नका, म्हणतो, घाबरा. हुकावरचा दाब गेला आहे, तुमची मागची चाकं रस्ता सोडायच्या बेतात आहेत. तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण मागून दादा म्हणत होता तसा मी चालवत होतो. नाही, दादा शेजारी होता. मागून वहिनी म्हणत होती, ‘जगूभाऊजी, जरा हलू हलू.’ आणि दादा म्हणत होता, ‘पळव रं, भाकरी थंड व्हते.’ इतक्या वर्षांनी मी दोघांचे आवाज बदलून ठेवायला लागलो होतो. तेही आत्ता लिहिताना लक्षात आलं.

कार्ले खिंड म्हणजे घाट म्हणावा असं काही नाही. चढ चढलो, वळलो, अलिबागच्या बाजूला उतार लागला आणि मी गाडी सोडली. समोरून एक एसटी भरधाव वर आली, तिच्या वाऱ्याचा फटका बसला आणि ट्रॉलीनं मागे एकदा डावीकडे मान टाकली. मी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. ती उजवीकडे गेली. मी डावीकडे घेतलं. मग ती माझ्यापेक्षा हुशार झाली. मी जिकडे वळवीन तिकडे ती आधीच जायला लागली, दर वेळी जरा जास्त. आरशात होडी कधी या बाजूला दिसे, कधी त्या बाजूला. ओढत कोण कुणाला होतं हे सांगता येत नव्हतं. दादा म्हणाला, ‘थांबव.’ आणि मी थांबवली. म्हणजे दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उभा राहिलो. व्हॅन थांबायला लागली, होडी थांबली नाही. तिनं मागून येऊन आमची शेपूट उचलली, व्हॅन आडवी फिरली, डाव्या बाजूवर पडली आणि घसरत जाऊन कठड्याला लागली. दादाचा पाय दार आणि दगड यांच्यामध्ये होता.

मी बाहेर आलो तेव्हा होडी रस्त्यावर उपडी पडली होती, नाळ फुटलेली. इंजिन गटारात. आणि सगळ्या उतारावर पांढरं मीठ पसरलं होतं, पावसात विरघळत, ओघळत. पोती कुठे होती हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. दादा ओरडत होता आणि हे माझ्या लक्षात आलं.

अलिबागच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आई आणि बाबा आले. दादाला आत नेलं होतं. माझ्या अंगठ्याला पट्टी, वहिनीला साधं खरचटलंही नव्हतं. न लागणं हाही पुढे तिचाच गुन्हा ठरला. बाबांनी मला विचारलं, ‘काय झालं रं?’ तांडेल विचारत होता. मी सांगू शकत होतो की मी वेगात होतो. सांगू शकत होतो की मी ब्रेक दाबला. पोतीही हलवली हे सांगू शकत होतो. मी म्हणालो, ‘वयनीनं नाळेवर मीठ ठेवलेलं.’

आई वहिनीकडे वळली. ‘तू ठेवलंस?’

‘व्हय.’

‘वर कोन चढलं ठेवाया?’

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तक्रारीनं नाही; मी काही मदत करतो का, एवढंच. मी अंगठ्याकडे बघत होतो. ‘मीच चढले,’ ती म्हणाली.

‘नाळेवर पाय दिलास?’

‘दिला, आई.’

तिला खरं तेवढंच माहीत होतं, आणि ते तिनं सांगितलं. पोती नाळेवरच होती असं ती आजही समजते. माझं वाक्यही खोटं नव्हतं, हे मी वकिलासारखं कित्येक वर्षं स्वतःला बजावलं. खरं वाक्य अर्ध्यावर मोडलं की त्याची धार किती चांगली होते, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. आई खाली बसली आणि म्हणाली, ‘पांढऱ्या पायाची आनली रं माज्या पोरानं.’ हलकी व्हॅन, पौर्णिमेआधी होडी, मागे वजन, हे सगळे बाबांचे हुकूम होते. आणि दोष टेकवायला सुनेचा पाय आयता मिळाला तेव्हा तांडेल पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या शब्दाला शेवटचा शब्द मानून गप्प राहिले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं शौर्य कुठेच नाही. नानांना निरोप गेला, ते आले, चहा न घेता मुलीला घेऊन गेले. ‘चार दिस जाऊंदे,’ आई म्हणाली. ते चार दिवस होळीपर्यंत चालले. दादाचा पाय वाकडा बसला. काठी टेकत चालता यायला लागल्यावर तो कुणाला न विचारता एसटीत बसला आणि उरणला जाऊन तिला घेऊन आला. ओटीवर उभा राहून म्हणाला, ‘पाय माजा मोडला, मना चालतीय ती. बाकीच्यांचे पाय धड हायत ना?’ आईनं घरात घेतलं, एका अटीवर. होडीजवळ जायचं नाही, नाळेला हात लावायचा नाही, नारळी पौर्णिमेला ताट दुसरं कुणी धरील. वहिनीनं मान हलवली. त्यानंतर ती हसायची, पण आधी कुणी बघतंय का ते पाहून.

मी उरणकडे एका कंटेनर यार्डात लागलो. घरापासून दूर, असा विचार होता. पहिल्याच आठवड्यात एका प्रशिक्षकानं आम्हाला काडेपेटीला पेन्सिल बांधून दाखवलं. वजन चाकांच्या पुढे असलं की हुकावर दाब राहतो आणि ट्रॉली मागून मुकाट येते. वजन मागे गेलं की ती डुलते, ओढणारी गाडी हलकी असली तर तिलाही डुलवते. आणि डुलायला लागली की ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगनं तिच्याशी भांडायचं नाही. हात सरळ धरायचे, वेगावरचा पाय उचलायचा आणि ती शांत होईपर्यंत थांबायचं. त्यानं नाणं पेटीच्या मागे ठेवून ओढलं, पेटी वेड्यासारखी हलली. मग नाणं पुढे ठेवलं. सरळ. सगळे हसले. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. तोवर मला वाटत होतं, मी फक्त वेगाचा आणि ब्रेकचा गुन्हेगार आहे. आता कळलं की वहिनीचा पाय त्या होडीवर पडला म्हणूनच आम्ही पोयनाडपर्यंत जिवंत आलो होतो.

तडक घरी गेलो, सांगायचंच ठरवून. वहिनी एकटीच होती, चुलीपुढे. तिनं ताट वाढलं आणि भाकरी जरा उचलून दाखवली. खाली गाबोळीचा तुकडा. मी तो खाल्ला, ताट धुवून ठेवलं आणि परत आलो.

आज त्याच यार्डात मी शिकवतो. काडेपेटीऐवजी आता छोटी खेळण्यातली ट्रॉली आहे, वजनं आहेत, फळ्यावर आकृती आहे. पोरं चलाख असतात; अर्धे मराठी, अर्धे हिंदी बोलतात. परवा एकानं विचारलं, ‘सर, आपकी कभी डुली क्या?’ सगळे हसले. मी म्हणालो, ‘नाही.’ मग शिस्तीत पुढचा मुद्दा घेतला. वेगावरचा पाय कसा उचलायचा हा.

गेल्या नारळी पौर्णिमेला घरी होतो. बाबा आता नाहीत. आई आहे, दिसत कमी असलं तरी नाळेजवळ कोण उभं आहे ते तिला बरोबर दिसतं. दादाच्या मुलानं, रोहननं, यंदा स्वतःची होडी घेतली. त्याचं नुकतंच लग्न झालंय. सून पनवेलची, बँकेत नोकरी करते. नारळी भात झाला होता, करंज्या झाल्या होत्या, बँजो वाजत होता, आणि मी मोबाइलवर सगळ्यांचं चित्रीकरण करत होतो, कारण हातात काही असलं की माणसांच्या तोंडाकडे थेट बघावं लागत नाही. सून हौसेनं ताट घेऊन पुढे झाली आणि हार नीट बसवायला नाळेवर हात टेकणार, तेवढ्यात मागून वहिनी आली. होडीपासून चार हात लांबच थांबली, तिथूनच म्हणाली, ‘तितं हात लावू नको गो बाय. आपला पाय, आपला हात, कदी कसा लागंल सांगता येत न्हाय. मी लावला व्हता. बग ह्यांचा पाय.’

सुनेला हसू आलं, मग वहिनीचा चेहरा बघून गेलं. तिनं ताट रोहनच्या हातात दिलं आणि मागे सरून वहिनीशेजारी उभी राहिली. दादा कुरबुरला, ‘आता पोरीला कशाला घाबरवतेस,’ पण पूजा थांबली नाही. मोबाइलवर ते सगळं नीट उमटलं आहे. दोघी शेजारी शेजारी, पाण्याकडे पाठ करून.

आईच्या शिव्या वहिनीनं सोसल्या, ते मला कळत होतं. पण ती त्या शिव्या खऱ्या मानून बसली आहे, आणि आता आपल्या सुनेला वारसा म्हणून देते आहे, हे मी मोबाइलच्या काचेत पहिल्यांदा पाहिलं. हे प्रकरण छापून येईल, चार लोक वाचतील, कदाचित कौतुकही करतील. वहिनी पुस्तकं वाचत नाही. म्हणजे इथे लिहून माझी सुटका झाली असं म्हणणं हीसुद्धा ताडपत्रीखालची आणखी एक टोपलीच.

मी वहिनीचं एवढं देणं लागतो: आई जिवंत असताना, दादासमोर आणि त्या नव्या सुनेसमोर, पोती मी हलवली आणि ब्रेक मी दाबला, असं तिच्या तोंडावर सांगणं. ते मी अजून केलेलं नाही.